जित्या माणसांच्या फोटोंना हार

प्रिय भागरता मावशी,

तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. रेखाताईच्या शाळेच्या कागदावर करायची म्हणून सही तेवढी शिकलीस, आणि तीही 'भा' काढून झाला की दम घेऊन पुढे. तरी लिहिते आहे. तू आहेस तिथं कुणीतरी शिकलेलं भेटलंच असेल. एव्हाना तू त्याला कामालाही लावलं असशील. त्याच्याकडून हे वाचून घे.

आजच का लिहायला बसले? काल दुपारी तुझी लेक रेखाताई आमच्या घरी आली. पौषात तू गेलीस, त्यानंतर पहिल्यांदाच. तुमच्या घरकुलाचं काम संपलं, भिंतींना रंग लागला, आणि दारातून शिरताच समोर दिसते त्या भिंतीवर तिला तुझा फोटो लावायचा आहे. मागच्या दिवाळीच्या मंडईतला, तू तोंडभर हसतेस तो. "तो दे मले," म्हणाली. आईनं चहा टाकते म्हटलं तरी थांबली नाही.

फोटो द्यायला काय लागतं गं? माझ्याकडे आहे, छापून आणला की झालं. पण त्या फोटोत तुझ्यासोबत धनराजभाऊ आहेत. आणि धनराजभाऊंनी जित्या बाईच्या फोटोला हार घातला म्हणून भागरता गेली, असं आपली सगळी टोली, घर न् घर, म्हणते. त्या हाराबद्दल मला एक गोष्ट माहीत आहे. ती मी वर्षभर कुणाला सांगितली नाही. सगळ्यात आधी तुला सांगायला हवी होती, तो मान तर हुकलाच. आज सकाळी रेखाताईला सांगितली. उद्या सकाळी आणखी एकाला सांगायची आहे. मधली संध्याकाळ तुझी.

पण आधी आपलं जुनं बोलू दे थोडं. एकदम मुद्द्यावर आले की तूच म्हणायचीस, "घोड्यावर बसून आली का व?"

आठवतं, मी नागपूरहून पहिल्यांदा कॅमेरा घेऊन आले होते? कॉलेजातल्या सरांनी काम दिलं होतं. आपल्या घरापासून शंभर पावलांच्या आत जे काही घडतं, त्याचे कॉलेज संपेपर्यंत फोटो काढत राहायचे. बाकीची मुलं खूश. कुणाच्या शंभर पावलांत बाजार होता, कुणाच्या तलाव. माझ्या शंभर पावलांत काय? एक हातपंप, समाजमंदिर, धनराजभाऊंचं सायकलचं दुकान, त्यासमोर सुखदेवकाकांची दाढीची खुर्ची, कमलाकाकूंच्या शेळ्या, आणि तुझा ओटा. त्यापुढे टोली संपते आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. मला रडू आलं होतं, खरंच सांगते.

पहिल्या दिवशी तुझ्या ओट्याशी आले. तुम्ही चौघीजणी सुपं मांडीवर घेऊन बिड्या वळत होतात. मी कॅमेरा वर केला आणि तू ओरडलीस, "थांब! फोटोच काढतं तं सांगून येजो ना व! केस तरी ईचरतो." आत गेलीस ती अर्ध्या तासानं आलीस. रेखाताईच्या साखरपुड्यातलं हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, पायात चप्पल. आपल्याच ओट्यावर चप्पल! खुर्ची मागवून बसलीस, हात गुडघ्यांवर ठेवलेस आणि श्वास रोखलास. तो फोटो माझ्याकडे अजून आहे. त्यात तू सोडून बाकी सगळं आहे.

सगळ्या टोलीनं तेच केलं. कॅमेरा दिसला की माणसं ताठ. सुखदेवकाका दाढी करायचं सोडून उभे, समोरचं गिऱ्हाईक फेसासकट उभं. महिनाभर मी नुसते सावधान उभे राहिलेले लोक घेऊन नागपूरला जात होते आणि सर मान हलवत होते.

मग एक दिवस तूच चिडलीस. मी ओट्याच्या पायरीवर नुसती बसले होते. "हात रिकामा असन तं इथं बसू नोको. डोरे फाडून पाहाले टाकीज हाये का हे?" असं म्हणून तू कैची आणि पत्र्याचं माप माझ्या मांडीवर टाकलंस. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं दिलीस. मापावर पान ठेवायचं, शिरा एका अंगाला घ्यायच्या, कापायचं. माझी पानं बघून तू कपाळावर हात मारलास. पण मी रोज यायला लागले. कापता कापता मध्येच कॅमेरा उचलायचा, एखादा फोटो काढायचा, परत कैची. दिवाळीपर्यंत तुम्ही माझ्याकडे बघणं सोडून दिलं होतं.

आणि कमलाकाकूंशी तुझं ते हातपंपावरचं भांडण! त्यांची पाण्याची गुंडी तुझ्या बादलीच्या पुढं सरकली म्हणून. तू कमरेवर हात ठेवून त्यांचं माहेर काढत होतीस, मध्येच थांबून माझ्याकडे वळलीस, "निघाला का व?" मी मान हलवली, आणि तू जिथं थांबली होतीस तिथूनच पुन्हा सुरू झालीस. नंतर म्हणालीस, "दिवसभर बिडी वळतानीच काढतं का? मी का भांडत नाही, झोपत नाही, जेवत नाही?" सरांनी त्या फोटोवर बराच वेळ बोट ठेवलं होतं. म्हणाले, आता तू तिथं नसल्यासारखी झाली आहेस, हेच पाहिजे.

मला केवढा अभिमान वाटला होता, मावशी. नसल्यासारखी होणं. मी तुला येऊन सांगितलंही. तू पान तसंच बोटात धरून म्हणालीस, "नसल्यासारखी कायची? तू हायेस म्हून तं मी अशी बसतो." मी हसले. सरांना जास्त कळतं असं वाटलं मला तेव्हा.

आता मंडईचं.

फोटो मंडईत लावायचे ही कल्पना धनराजभाऊंची, हे टोली आता विसरली आहे. मी तर घाबरत होते. भाऊबीजेनंतर आपल्याकडे मंडई भरते, दंडारीचा नाच-खेळ असतो, जिलेबी, फुगे, लेकी माहेरी आलेल्या, सगळ्या गावांतले पाव्हणे. त्यात माझे फोटो कोण बघणार? पण मंडईची सारी व्यवस्था धनराजभाऊंच्या डोक्यावर असते ना. त्यांनी समाजमंदिराची अख्खी लांब भिंत मला देऊन टाकली. पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो स्वतः स्टुलावर चढून खिळ्यांना टांगले. प्रत्येक खिळा ठोकला की खाली उतरून लांबून बघायचे, सरळ आहे का. सायकलचं चाकही त्यांनी कधी इतक्या बारकाईनं पाहिलं नसेल.

चार वाजले असतील. मानाचे पाव्हणे यायचे होते दहा-बारा, आले चार. झेंडूचे हार मात्र सगळ्यांचे आणलेले. उरलेले हार परातीत पडून होते आणि धनराजभाऊ पांढरा शर्ट घालून त्या परातीकडे बघत उभे होते. मग माझ्याजवळ आले.

"पाव्हन्यायले हार, अना आपल्या टोलीच्या मानसायले काही नाही? हे कोनती बात झाली! लावू का व पल्लवी? बढिया दिसन ना?"

मी कॅमेऱ्यातून बघत होते. उन्हं भिंतीवर तिरपी आली होती, झेंडू पेटल्यासारखा दिसत होता, आणि त्यांचा पांढऱ्या बाहीचा हात एका चेहऱ्याकडे हार घेऊन चालला होता. मी म्हणाले, "हो भाऊ, लावा."

एवढ्यावर थांबले असते तरी बरं. पुढं म्हणाले, "जरा हळू लावा."

तेही पुरलं नाही. तिसरा हार घालताना त्यांचं तोंड भिंतीकडे होतं, तर मी तो काढून पुन्हा घालायला लावला. त्यांनी घातला. त्यांना वाटलं, पोरगी शिकून आली आहे, तिला माहीत असेल.

मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही गं. आमच्या घरात आजोबांच्या फोटोला हार आहे. तुमच्या घरात मौसाजींच्या फोटोला आहे. आपल्याकडे हार कुणाच्या फोटोला घालतात हे शेळीच्या पिल्लालाही माहीत असतं. पहिल्याच हाराला मला आमच्या भिंतीवरचे आजोबा आठवले होते. पण फोटो इतके चांगले येत होते! हे संपू दे, मग सांगू, असं वाटलं. धनराजभाऊ त्या गर्दीत, स्पीकरच्या आवाजात, पाव्हणे आले नाहीत म्हणून खट्टू झालेले, भरल्या मनानं काहीतरी चांगलं करत होते. त्यांचं चुकणं मी समजू शकते. माझं डोकं तर थंड होतं. थंड डोक्यानं मी उन्हाकडे बघत होते.

मग कमलाकाकू आल्या. शेळ्यांसोबतचा आपला फोटो शोधत आल्या आणि हारात सापडला. "अवं माय! मले मारलं का व!" ती किंकाळी दंडारीच्या ढोलकीवरून गेली. क्षणात माणसं जमली. जो तो आपापला फोटो उपटायला लागला. सुखदेवकाकांनी आपला फोटो पालथा करून जमिनीवर टाकला. कमलाकाकूंच्या नवऱ्यानं त्यांचा पुठ्ठा मधोमध मोडला. "कोनाचं काम होय हे?"

धनराजभाऊ म्हणाले, "मी... मी पोरीले..." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी काय केलं माहीत आहे? मान खाली घातली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर काहीतरी तपासायला लागले. आधीचे फोटो मागे-पुढे करत राहिले, जणू मी तिथं नाहीच. सरांनी शिकवलं होतं ना तसं!

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "माहं काम होय. चुकलो."

लोक त्यांना काय काय बोलले ते तू ऐकलंसच. पंधरा वर्षं जो माणूस मंडईसाठी राबला, त्याचे आईबाप काढले लोकांनी. आणि तेवढ्यात तू आलीस, हातात जिलेबीचा कागद घेऊन. गर्दीला कोपर मारत पुढे गेलीस आणि आपल्या फोटोसमोर उभी राहिलीस. "हारात तं मी बरी दिसतो की!" म्हणालीस. मग जिलेबी कमलाकाकूंच्या हातात कोंबलीस, फोटोवरचा हार काढलास आणि टाचा उंचावून धनराजभाऊंच्या गळ्यात घातलास. "घे. पोरासोरायसमोर रडू नोको. पाव्हना नाही आला तं तूच पाव्हना."

पहिल्यांदा कमलाकाकूच हसल्या. मग सगळे. भांडण तिथंच संपलं, लोक दंडारीकडे वळले. तो फोटो मी तेव्हा काढला. तुझे हात त्यांच्या गळ्याशी, तोंड हसण्यानं मोठं उघडलेलं, आणि धनराजभाऊ रडू की हसू अशा चेहऱ्यानं खाली वाकलेले. वर्षभरात काढलेल्या सगळ्या फोटोंत हा सरस आहे. सरांनीही तेच सांगितलं.

आणि पौषात तू गेलीस. सकाळी चूल पेटवलीस, चहाचं आधण ठेवलंस आणि भिंतीला टेकलीस. बस. रेखाताई अंगणवाडीत निघायच्या तयारीत होती. मी नागपूरला होते. आले तेव्हा तुला नेलं होतं.

तुझं बीपी टोलीतल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. गोळ्या तू डब्यात साठवायचीस, सणाला लागतील अशा. डॉक्टरीणबाईंनी दोनदा घरी येऊन दम दिला होता. पण माणूस गेला की लोकांना कारण लागतं, आणि बीपी हे काही मनासारखं कारण वाटत नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी हार आठवला. बाकीच्यांनी हाराचे फोटो फेकून दिले, हिनं हारच हातात घेतला, म्हणून हिलाच लागलं. तेरवीपर्यंत गोष्ट पक्की झाली. तेरवीला धनराजभाऊ आले, पण हातपंपापाशीच उभे राहिले. त्यांना कुणी पत्रावळीवर बसा म्हटलं नाही. मी वाढत होते, मावशी. माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. मीसुद्धा म्हटलं नाही.

हारानं माणूस मरत नाही, हे मला कळतं. तेवढं शिकले आहे. पण त्या शिक्षणाचा धनराजभाऊंना काय उपयोग झाला? टोलीतली माणसं पंक्चर काढायला चौकापर्यंत सायकल ढकलत नेतात, त्यांच्या दुकानावरून. यंदाच्या मंडईची बैठक दसऱ्यानंतर झाली, तिचा निरोप त्यांना गेला नाही. ते दुकानात बसून असतात, चाकाच्या बेअरिंगचे छर्रे पुसत. मी सुट्टीत आले की दुसऱ्या गल्लीनं जाते. शंभर पावलांचं काम करणारी मुलगी, त्यातली वीस पावलं चुकवून चालते.

आता कालचं ऐक. रेखाताई जाता जाता दारातून म्हणाली, "अना त्याच्यातून धनराजभाऊले कापून दे. जित्या मानसाले भिंतीवर कसा लावू? त्या फोटोले उद्या हार लागन."

बरोबरच बोलली. मी कॉम्प्युटर उघडला. एक रेघ ओढली की झालं, दोन मिनिटांचं काम. ओढली. धनराजभाऊ गेले. तू राहिलीस, हसत, आणि तुझे दोन्ही हात मनगटापाशी संपले. कुणाला हार घालतेस तेच कळेना. मी रेघ अलीकडे घेतली, पलीकडे घेतली. कशीही घेतली तरी तू वेड्यासारखी हवेत हात करून हसत होतीस. मग एकदम मला माझीच घाण वाटली. या माणसाला मी मंडईत एकदा कापलं, तेरवीला एकदा कापलं, आणि आता तिसऱ्यांदा माप घेऊन बसले होते.

आज सकाळी उठून तुमच्याकडे गेले. नव्या रंगाचा वास घरभर भरला होता. रेखाताई फरशीवरचे सिमेंटचे डाग खरवडत होती. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. हो म्हटलं ते, हळू लावा म्हटलं ते, पुन्हा घालायला लावला ते. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

ती खरवडतच होती. म्हणाली, "माहीत हाये."

"काय माहीत आहे?"

"सप्पा माहीत हाये. माय जिलेबीच्या दुकानापासून पाहून राहिली होती. मंडईच्याच दिवशी सांगतलं मले. म्हने, पोट्टी आपल्या तोंडानं सांगन, तू मधात पडू नोको."

मी तिथंच उंबरठ्यावर बसले. बसल्या बसल्या विचारलं, "मग ताई, धनराजभाऊंना लोक इतकं बोलतात, तुम्ही का नाही..."

तिनं हातातला पत्रा खाली ठेवला. "माय गेली तं मले कोनावर तरी राग काढाचा होता. तुह्यावर काढाले मायनं मनाई केली होती. तो भेटला." मग पदरानं तोंड पुसलं. बाहेर कमलाकाकूंची शेळी नव्या भिंतीला अंग घासत होती, तिला हाकलायलाही कुणी उठलं नाही.

मावशी, हे काय केलंस तू? दोन महिने! मंडईपासून पौषापर्यंत दोन महिने मी सुट्टी मिळाली की तुझ्या ओट्यावर येऊन बसत होते, पानं कापत होते, आणि तुला सगळं ठाऊक होतं! आता आठवतंय, तू मध्येच विचारायचीस, "काही सांगाचं हाये का व?" मी म्हणायचे, नाही, काही नाही. "मंग पान काप." मला वाटायचं तू सहज विचारतेस. एकदा तर तू इतरजणी उठून गेल्यावरही बसून राहिलीस, काम आवरलं होतं तरी. मी पिशवी उचलली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. तू म्हणालीस, "येजो." तीच शेवटची भेट.

एकदा कान धरून विचारलं असतंस तर? तुला काय, लाज होती कुणाची? हातपंपावर अख्ख्या टोलीसमोर कमलाकाकूंचं माहेर काढणारी बाई तू, माझ्यासाठीच एवढी गप्प का झालीस? आणि त्या बिचाऱ्या धनराजभाऊंचा विचार नाही केलास? की हार गळ्यात घालून त्यांचं भागवलंस असं तुला वाटलं? तसं वाटलं असेल तर तेवढं चुकलं तुझं. तू होतीस तोवर भागलं. तू गेलीस आणि त्यांच्या बाजूनं बोलणारं कुणी उरलं नाही. एक होती, ती गल्ली बदलून चालत होती.

रागावू नको. रागवायचा हक्क तुझा आहे हे मला कळतंय. पण इतका विश्वास माझ्यावर टाकायला नको होतास गं. मी त्याला पुरी पडले नाही. तुझ्या आयुष्यात तर नाहीच.

निघताना रेखाताईनं मला हाक मारून थांबवलं. "पुरा फोटो दे," म्हणाली, "कापू नोको. हार मी टाकत नाही त्याले. माय हसते, तेवढं पुरे." मग दोन पावलं दारापर्यंत आली. "पन त्याले विचारून दे. तो नाही म्हनन तं राहू दे."

म्हणजे तुझ्या नव्या घरात तू भिंतीवर बसायचं की नाही, ते आता धनराजभाऊंच्या हातात आहे. आणि त्यांनी ते ठरवायच्या आधी मला बोलायचं आहे.

मी दुपारभर विचार केला, कधी जावं. दुकान उघडायच्या वेळी गेलं तर ते एकटे असतील, पटकन सांगून होईल, तेही समजून घेतील, माणूस तसाच आहे. पण मग ते आमच्या दोघांत राहील, आणि टोली आपली गोष्ट पुढं चालवत राहील. त्यांना सगळ्यांसमोर बोल लागला होता. उद्या रविवार आहे. नऊ-साडेनऊला सुखदेवकाकांकडे दाढीला रांग असते, आणि त्यांची खुर्ची दुकानाच्या अगदी समोर. कमलाकाकू शेळ्या सोडायला तिथूनच जातात. तेव्हाच जाईन. आवाज मोठा ठेवीन. हो कुणी म्हटलं, हळू कुणी म्हटलं, तो तिसरा हार कुणी काढून परत घालायला लावला, सगळं सांगीन, एकही गोष्ट गाळणार नाही.

लोक चिडतील. काही जण म्हणतील, मग हिनंच खाल्लं भागरताला. म्हणू देत. कदाचित यापुढे मी कॅमेरा काढला की दारं लागतील, आणि सरांचं काम अर्धवट राहील. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? आणि धनराजभाऊ काय करतील ते तर मला सांगताच येत नाही. कदाचित काहीच बोलणार नाहीत, छर्रे पुसत राहतील. ते बोलेपर्यंत मी उभी राहीन. मान खाली घालणार नाही.

वचन देते मावशी. तू माझी वाट पाहिलीस आणि तशीच गेलीस. त्यांना मी आणखी एक दिवसही वाट पाहायला लावणार नाही.

तुझ्या ओट्यावरची,
पल्लवी